डिंभ्याच्या वसुबारसेचं वासरू

काळजी करण्यात माझा हात धरणारा माणूस जुन्नर तालुक्यात मिळायचा नाही. हे मी बढाई म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगतो. पाऊस आला नाही की काळजी, आला की ओढ्याला पूर येईल ही काळजी, आणि सगळं ठीक असलं तर आपण काहीतरी विसरलोय ही काळजी. आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकासाठी 'विश्वासाचा अनुभव' लिहून द्या, असा पाळकसाहेबांचा निरोप आला तेव्हा स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. हसणारी माझी बायको सगुणा.

"विश्वासाचा अनुभव? आणि तुम्ही? लिहा, लिहा. मी वाचून बघीन."

तेव्हा पुढचं जे काही आहे ते तिच्या नजरेखालून गेलेलं आहे. दोन ठिकाणी तिने मला खोडायला लावलं आणि एका ठिकाणी मी ऐकलं नाही.

अशा या माणसाला देवाने नोकरी दिली ती सरकारी देवी काढण्याची, म्हणजे देवीची लस टोचण्याची. आताच्या मुलांना दंडावरचे वण तेवढे माहीत. आमच्या तरुणपणी देवीचा रोग म्हणजे काय ते प्रत्येक घराला ठाऊक होतं. लोक त्या रोगाचं नाव घेताना आवाज खाली आणत, 'बया आली' म्हणत, आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा लावून बसत. मी जन्माने ख्रिस्ती, वडील मिशनच्या बागेत माळी. आमच्या आळीतले लोक थट्टा करायचे की, देवळात न जाणारा माणूस सरकारने देवीच्या सेवेला लावला. मी हसायचो आणि मनात म्हणायचो, बाबांनो, या सेवेपायी मी किती रात्री जागून काढतो ते तुम्हाला कुठे दिसतंय!

काम सांगतो. ते दसऱ्यानंतर सुरू व्हायचं आणि उन्हं तापेपर्यंत चालायचं. आमच्याबरोबर एक वासरू असे. त्याच्या पोटाखालचे केस भादरायचे, तिथे बारीक ओरखडे काढायचे, त्यात लस भरायची आणि वर फडकं बांधायचं. काही दिवसांनी त्या जागी फोड येत. त्यांतलं स्वच्छ पाणी हीच पुढची लस. ती ताजी ताजी मुलांच्या दंडावर ओरखडा काढून लावायची, आणि आठवड्याने परत जाऊन फोड उठला की नाही ते बघायचं. उठला तर मूल सुटलं. नाही उठला तर पुन्हा पहिल्यापासून. या धंद्यात हाताचं कसब थोडं आणि वाट बघणं फार. ओरखडा कोणीही चार दिवसांत शिकेल. तो आठवडा कसा काढायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

वासराला सांभाळायला एक शिपाई असे. माझ्याकडे होता गेनभाऊ, पिंपरी पेंढारचा, मिशीवाला, मोठ्या आवाजाचा आणि मऊ काळजाचा माणूस. वासरं दर खेपेला बदलायची, पण गेनभाऊ प्रत्येकाला 'राजा' म्हणायचा. काम झालं की वासरू परत त्याच्या गाईकडे पोचवायचं, आणि त्या दिवशी गेनभाऊ जेवायचा नाही.

या वासरापायी माणसंही नाना तऱ्हेची भेटली. ओतूरकडे एका बाईने आम्हाला बघून पोराला धान्याच्या कणगीत लपवलं. पोराला आत शिंक आली, तर म्हणते कशी, "उंदीर लई झालेत, भाऊ." जुन्नरच्या पेठेतल्या एका मारवाडी शेठजींचा प्रश्न निराळा होता. नातवंडांना टोचायला त्यांची हरकत नव्हती, पण वासराला यातना किती होतात ते त्यांना आधी कळायला हवं होतं. ते स्वतः खाली बसले, चष्मा सावरून त्यांनी वासराचं पोट बघितलं, ते रवंथ करतंय याची खात्री केली. मग विचारलं, "आणि याचं पुढे काय करता?" आईकडे पोचवतो म्हटल्यावर त्यांनी भिजवलेले हरभरे आणि गूळ मागवला. आधी वासराने खाल्लं, मग नातवंडांचे दंड पुढे आले. जाताना शेठजी मला म्हणाले, "तुमचा चेहरा मात्र वासराहून दुःखी दिसतो." शेठजींचं खोटं नव्हतं.

आता डिंभ्याचं सांगतो. पाळकसाहेबांना खरं हवंय ते तेच.

त्या वर्षी घोड नदीच्या वरच्या अंगाला एका गावात देवी आल्याची बातमी आली, आणि खालच्या गावांना ताबडतोब टोचून घ्या असा हुकूम झाला. मी निघालो. घरी आमची करुणा तान्ही होती. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला आधीच्या वासराची लस टोचली, आणि वाटेत बैलांपेक्षा जास्त सुस्कारे मीच टाकले.

वाटेतल्या गावांत मुलांच्या याद्या करत पाचव्या दिवशी डिंभ्याला पोचलो, तो वसुबारसेचा दिवस. पाटलांनी चावडीत लोक जमवले. वासराचे फोड उद्या सकाळी बरोबर तयार होणार होते, म्हणून मुलांना सकाळी आणायचं ठरलं. सगळे उठून गेल्यावर एक बाई मागे राहिली. नाव ताना. तिचा नवरा नदीत मासे धरायचा. मागच्या साथीत तिची दोन मुलं देवीने गेली होती. तिसरी ठकी, नुकती पाऊल टाकू लागलेली, ती तिने पाठीशी फडक्याने बांधून ठेवली होती. घरातसुद्धा ती तिला खाली सोडत नसे, असं मागाहून कळलं.

"भाऊ, टोचल्यावर येत न्हाई ना ती? नक्की सांगा."

"उठली तर येत नाही, बाई."

"आन न्हाई उठली तर?"

"तर परत काढू."

"आन तवर ती आली तर?"

हाच प्रश्न मी वाटभर स्वतःला विचारत आलो होतो. काळजीच्या बाबतीत मला जोड मिळाली होती, पण तिच्या काळजीपुढे माझी म्हणजे रिकामपणाचा उद्योग वाटला.

दुपारनंतर मी वाड्यावस्त्यांवर सांगायला गेलो. परत येऊन बघतो तर चावडीपुढे बायांचा घोळका आणि गाणी चाललेली. मधे पाटलांची गाय, तिच्या शेजारी आमचं वासरू, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर कुंकू. झालं होतं असं की, त्या साली बुळकांडी या गुरांच्या रोगाने गावातली वासरं गेली होती. वसुबारसेला गाय-वासराची जोडी पुजायची तर गाय होती, वासरू नव्हतं. तेवढ्यात देवाने धाडल्यासारखं चावडीत एक वासरू आलेलं. मग पूजा म्हटल्यावर आंघोळ आलीच. त्यांनी त्याला ऊन पाण्याने खसखसून धुतलं, पोटाचं फडकं सोडलं, आणि खालचे फोड बघून बाया हळहळल्या. ते चोळून स्वच्छ केले आणि वर तेल-हळद थापली.

मी काही बोलायच्या आत पाटलीणबाईंनीच मला धारेवर धरलं. "मुकं जनावर म्हनून असं पोट सोलायचं व्हय? वर फडकं बांधून झाकून ठेवायचं! हळद लावलीया. दोन दिसांत बरं व्हईल."

मी वाकून वासराचं पोट बघितलं. एकही फोड शाबूत नव्हता. गेनभाऊ मान खाली घालून म्हणाला, "सनाच्या बाया आल्या, न्हाई कसं म्हनू? आन राजा बी लई खूश व्हता, साहेब." राजा भाकरी खात होता. तो खरोखरच खूश होता.

लस गेली. पुण्याहून मागवून, नव्या वासरावर धरून, ती तयार व्हायला फार वेळ लागला असता, आणि रोग नदीच्या वरच्या अंगाला येऊन बसला होता. एकच वाट उरली. पूर्वी हाताहाताने देवी काढायचे. म्हणजे एका मुलाच्या दंडावर फोड उठला की त्याचं पाणी दुसऱ्या मुलाला. साहेबलोकांना ते आता पसंत नव्हतं, पण अगदी अडलं तर करतात, असं मला शिकवणाऱ्या जुन्या माणसाने सांगितलं होतं. आणि मला ठाऊक असलेला, या दिवसांत पिकणारा दंड सगळ्या मुलखात एकच होता. आमच्या करुणाचा.

सकाळी गेनभाऊला गाडी देऊन जुन्नरला आमच्या घरी पाठवलं. "बाईंना सांग, पोरीचा फोड उठला असला तर तिला घेऊन या." तो गेला आणि मी माझ्या धंद्याला लागलो. गाडी उलटेल. पोरीला वारा बाधेल. फोड उठलाच नसेल. उठला असेल आणि पोर इथे येऊन आजारी पडेल. आणि आपण आपल्या हाताने तिला रोगाच्या दिशेने बोलावलं, याचा जाब कुणाला देणार? प्रार्थना केली. पण माझी प्रार्थना म्हणजे, सगुणा म्हणते तसं, देवाला हुकूम. बैल सावकाश चालव, ढग तिकडे ने, फोड असा उठव.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना गाडी आली. सगुणा खाली उतरली, खांद्यावर झोपलेली करुणा, दंडावर टपोरे फोड. मला बघून म्हणाली, "अहो, तुमचं तोंड बघून वाटलं आपलंच कोणी गेलं."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. गाडीत बसेपर्यंत वाटली. मग बसले."

सकाळी चावडीत नवाच पेच पडला. पाटील म्हणाले, "देवीवाले, तुमच्या पोरीच्या दंडातलं पानी आमच्या पोरांच्या अंगात घालनार? तुमी किरिस्ताव. उद्या सोयरिकीला कुनी इचारलं तर काय सांगू?"

आतून पाटलीणबाईंचा आवाज आला, "जनावराचं चालतं, आन मानसाच्या लेकराचं चालत न्हाई? एवढं गोजिरं पोर हाय!" पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते तंबाखू शोधू लागले. वासराच्या आंघोळीत लसच धुऊन गेली, हे पाटलीणबाईंना एव्हाना कळलं होतं, आणि ते त्यांना लागलं होतं.

तरी पुढे कोणी येईना. मग ताना उठली. पाठीवरचं फडकं सोडून तिने ठकीला मांडीवर घेतलं आणि सगुणाच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. मी करुणाचा फोड टोचला. ती रडली. ती रडली म्हणून ठकी आधीच रडली. मग एकेक करून बाकीच्या बाया सरकल्या. पाणी पुरलं ते तान्ह्यांना आणि लहानग्यांना. मोठ्या मुलांना आठवड्याने या मुलांच्या दंडांवरून द्यायचं होतं. म्हणजे सगळं गाव आता या चिमुकल्या दंडांवर टेकलं होतं. ते उठले तर गाव वाचणार, आणि नाही उठले तर पुढे काय हा विचार मला करायचा नव्हता आणि तोच मी करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तानाच्या घरी गेलो. दंडावर काही नाही. नसणारच, इतक्या लवकर कधीच नसतं, हे मला पक्कं माहीत. तिसऱ्या दिवशी परत गेलो. परतून आलो तर सगुणा वाटेत उभी.

"आजपासून तिच्या घरी जायचं नाही."

"का?"

"ती पोरीचा दंड बघत नाही. तुमचं तोंड बघते. आणि तुमच्या तोंडावर तिची दोन्ही मुलं परत मरतात."

हे वाक्य तिने मला खोडायला सांगितलं होतं. मी खोडलेलं नाही.

मी चिडलो. म्हटलं, "मग मी काय करू? हातावर हात ठेवून बसू? तुझं बरं आहे, तुला काळजीच नाही!"

सगुणा दुष्काळात आईबाप गेलेली मुलगी. मिशनच्या बोर्डिंगात वाढली. ती कधी त्या दिवसांबद्दल बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "आई गेली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसले होते. उद्या काय खायचं याची काळजी करायचीसुद्धा ताकद नव्हती. तरी कोणीतरी उचललं. मला पोसलं ते माझ्या काळजीनं नव्हे. पाखरांना चारणारा बाप आहे, हे तुम्ही उपासनेत ऐकलंत. मी ते खाल्लंय." मग म्हणाली, "ओरखडा काढायचा तो काढलात ना नीट?"

"काढला."

"आतून वर आणायचं काम तुमचं आहे?"

"नाही."

"मग ज्याचं आहे त्याला करू द्या. तुम्ही लाकडं फोडा. सरपण संपलंय."

मी चावडीमागे जाऊन लाकडं फोडली. रागाने फोडली. सरपणाचा ढीग वाढत गेला आणि राग उतरत गेला. शेवटी कुऱ्हाड टेकून उभा राहिलो तेव्हा प्रार्थनेला शब्दच राहिले नव्हते. एवढंच म्हणालो, "घे बाबा. मला झेपत नाही." हुकूम नाही, यादी नाही. आणि खरं सांगतो, खांद्यावरून कोणीतरी पोतं उतरवून घ्यावं तसं हलकं वाटलं. मी तिथेच ओंडक्यावर बसून रडलो आणि मला फार बरं वाटलं. गेनभाऊ लांबून बघत होता. तो जवळ आला आणि त्याने तंबाखूची चंची पुढे केली.

ताना मात्र रोज संध्याकाळी सगुणाकडे येऊन बसू लागली. दोघी पोरींना घेऊन नदीकडेला बसत. एकदा मी पाणी आणायला गेलो तेव्हा त्यांचं बोलणं कानावर आलं.

"बाई, तुमाला झोप कशी वो लागती? मी डोळा लावला की ही गेली असं वाटतं."

"झोपताना मी हिला प्रभूच्या हातात देते. म्हणते, आता तू बघ. सकाळी परत घेते."

तानाने ठकीला पाठीवरून मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाली, "दुसऱ्यांची बी घेतो का तो?"

"घेतो की."

"आमी खंडोबाची मानसं. आमची बी?"

"तो लेकरं घेताना घर विचारत नाही, ताना."

ताना पुढेही खंडोबाचीच राहिली. ते मी इथे लिहितो, कारण असल्या लेखात शेवटी सगळे ख्रिस्ती होतात. पण त्या दिवसापासून ठकी तिच्या पाठीवर दिसली नाही. चावडीच्या अंगणात धुळीत बसून ती वासराची शेपटी ओढायची, आणि राजा ओढू द्यायचा.

तपासणीच्या सकाळी मी चावडीत बसलो. आदल्या रात्री झोप लागली होती, याचं मलाच नवल वाटलं. सगळ्यांत पुढे ताना. तिने ठकीची बाही वर सारली. दंडावर फोड उठले होते, भरदार, मधे खळी असलेले, पुस्तकात दाखवावेत तसे. मी मान वर केली, पण ताना माझं तोंड बघतच नव्हती. ती सगुणाकडे बघून हसत होती. माझ्याआधी तिला कळलं होतं. एक-दोघांना परत टोचावं लागलं, बाकी सगळे उठले. दुपारपर्यंत मोठ्या मुलांचंही झालं. पाटलांनी आपल्या दोन्ही मुलांना स्वतः धरून आणलं, आणि सोयरिकीची गोष्ट परत काढली नाही.

रोग डिंभ्यात आलाच. तो यायचा राहणार नव्हता. नाताळानंतर मी फेरीवर गेलो तेव्हा तानाच्या शेजारच्या घराच्या दाराला लिंबाचा डहाळा होता. वरच्या गावाहून आलेल्या सालगड्याला देवी आल्या होत्या. त्याने टोचून घेतलं नव्हतं. तो तोंडभर वण घेऊन वाचला. गावातल्या मुलांपैकी कोणाला काही झालं नाही.

तानाच्या अंगणात ठकी शेंगा फोडत बसली होती. मधे फक्त एक कुडाची भिंत, आणि भिंतीपलीकडे कण्हणं ऐकू येत होतं. मला जुनी सवय. मी विचारलंच, "बाई, भीती नाही वाटत?"

"वाटती की, भाऊ. न वाटायला मी काय दगड हाय? रोज येती." ताना सुपातल्या तांदळांतले खडे काढत होती. तिने मान वर केली. "पर आता येती ती वट्यावर बसती. घरात न्हाई येत."